छोट्या घराला आधी जमीन हवी

ठाणे, डोंबिवली, चिंचवड किंवा नाशिकरोड, कुठल्याही जुन्या सोसायटीतलं एक वन बीएचके घर डोळ्यांसमोर आणा. चटई क्षेत्र साधारण ३८० चौरस फूट. हॉल १४ बाय १०, बेडरूम ११ बाय १०, स्वयंपाकघर ९ बाय ७, उरलेलं न्हाणीघर, संडास आणि पॅसेजमध्ये गेलेलं. आता हॉलमध्ये टेप धरू. तिघांचा सोफा साडेसहा बाय तीन, त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या तीन बाय तीनच्या, टीपॉय चार बाय दोन, टीव्हीचं युनिट सहा बाय दीड, आणि चौघांचं जेवणाचं टेबल, खुर्च्या मागे ओढायची जागा धरून, सहा बाय पाच. बेरीज होते साडेचौऱ्याऐंशी चौरस फूट. १४० पैकी हाती राहिले जेमतेम ५५, तेही सोफा आणि टीपॉयमधली फट, टेबलाच्या कडेची पट्टी असे तुकड्यातुकड्यांत. बेडरूममध्ये साडेसहा बाय सहाचा पलंग ३९ फूट खातो, सहा फुटी कपाट १२, मुलांचं अभ्यासाचं टेबल ८ आणि दार आत उघडायला लागणारी जागा ५. ११० मधले ६४ संपले. अशा घरात चौघं-पाच जण राहतात आणि दहा वर्षांनी एकदा ठरवतात की आता घराचं काम काढायचं.

काम काढताना हल्ली बहुतेकांना ‘मिनिमलिस्ट’ घर हवं असतं. मोबाइलवर पाहिलेलं चित्र सगळ्यांचं सारखं असतं: पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, कोपऱ्यात एक कुंडी. ते चित्र घेऊन गेलं की भिंतभर कपाटं सुचवली जातात, जमिनीपासून छतापर्यंत, बिनहँडलची, गुळगुळीत दारांची. काम झाल्यावर फोटो छान येतात. पण सामान जेवढं होतं तेवढंच दाराआड राहतं आणि खोली दोन फुटांनी अरुंद होते. छोट्या घराबाबत माझं मत स्पष्ट आहे. किती जमीन मोकळी राहिली आणि त्या जमिनीवर दिवसभरात घरातल्या माणसांची किती कामं होतात, याच मापाने नूतनीकरणातला प्रत्येक निर्णय तपासावा. रंग, दारांची फिनिश, दिवे हे सगळं त्यानंतर.

हे माप आपल्याला परकं नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात तीन-तीन पिढ्या राहिल्या. सकाळी अंथरुणं गुंडाळून वळकट्या एकावर एक रचल्या की तीच जागा जेवणाची, मग अभ्यासाची, संध्याकाळी पाहुण्यांची आणि रात्री पुन्हा झोपायची. कपडे खुंटीवर, डबे भिंतीतल्या फळ्यांवर, वर्षातून एकदा लागणारं सगळं माळ्यावर. सामायिक संडास, पाण्याच्या रांगा, एकांताचा अभाव हे सगळं तिथे होतं आणि त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण एका जमिनीचे दिवसात चार उपयोग करण्याची जी शिस्त त्या खोल्यांत होती, ती आपण दुप्पट मोठ्या फ्लॅटमध्ये आल्यावर सोडली. प्रत्येक कामाला वेगळं फर्निचर घेतलं आणि ते फर्निचर दिवसाचे वीस तास नुसतं उभं राहतं.

युरोपात याच प्रश्नाला याच दशकात एक वेगळं उत्तर मिळालं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात ट्रूस श्रॉडर या तीन मुलांच्या विधवा आईने गेरिट रिटफेल्ट या फर्निचर बनवणाऱ्या कारागीर-वास्तुकाराकडून १९२४ साली घर बांधून घेतलं. विटांच्या घरांच्या रांगेच्या टोकाला उभं असलेलं हे घर आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर कायमच्या भिंती जवळजवळ नाहीत. सरकणारे आणि दुमडणारे पडदेवजा लाकडी फलक आहेत. दिवसा ते बाजूला सारले की सगळा मजला एक. रात्री ओढले की मुलगा, मुली आणि आई यांच्या वेगवेगळ्या खोल्या. बांधकामाच्या नियमांत हे बसेना, म्हणून नकाशावर तो मजला पोटमाळा म्हणून दाखवला गेला. मुलांनी मोठ्यांच्या गप्पांच्या जवळपास वाढावं असं श्रॉडरबाईंना वाटत होतं, आणि घराचा आराखडा त्या इच्छेतून निघाला. त्या स्वतः १९८५ सालापर्यंत, म्हणजे साठ वर्षं, तिथे राहिल्या.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईच्या जास्त जवळचं आहे. हाँगकाँगच्या गॅरी चँग या वास्तुकाराचं ३४४ चौरस फुटांचं घर. लहानपणी ते तिथे आई-वडील आणि तीन बहिणींसह राहत. पुढे कुटुंब दुसरीकडे गेलं, ते मात्र त्याच घरात थांबले आणि त्यांनी ते पुन्हा पुन्हा बदललं. शेवटच्या बदलात त्यांनी छताला पोलादी रूळ बसवले आणि कपाटांच्या भिंती त्यांवर टांगल्या. भिंत ओढली की मागून स्वयंपाकघर निघतं, दुसरी ओढली की न्हाणीघर, पलंग खाली उतरतो. एकाच जागेच्या २४ रचना होतात. जगभर या घराचं नाव झालं आणि ते योग्यच आहे.

तरीही आपल्याकडच्या कुटुंबाने त्याची नक्कल करू नये. एकट्या माणसाला एका वेळी एकच काम असतं. स्वयंपाक करताना त्याला झोपायची खोली लागत नाही. कुटुंबात सगळं एकाच वेळी चालतं. मुलगी दहावीचा अभ्यास करत असते, आजी दुपारची पडलेली असते, कुकरच्या शिट्ट्या सुरू असतात आणि कोणीतरी लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतं. तेव्हा खरी गरज असते आवाज आणि उजेड अडवण्याची, आणि सरकत्या पातळ फळीला ते जमत नाही. वजनदार भिंत आवाज जास्त अडवते, हलकी भिंत कमी. म्हणून हॉल आणि बेडरूममधली विटांची भिंत काढून तिथे प्लायवूडचं पार्टिशन किंवा काच लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. घर मोठं दिसेल, पण दुपारी तीन वाजता आजीची झोप मोडेल. दारं मात्र सरकती करायला हरकत नाही. अडीच फुटी दार उघडताना जमिनीवरचा पाच चौरस फुटांचा पाव वर्तुळाचा तुकडा अडवून ठेवतं. घरात अशी चार दारं असतात. न्हाणीघराचं आणि बेडरूमचं दार सरकतं केलं तरी दहा फूट सुटतात, आणि दाराआडची भिंतही हाती येते.

आता कपाटांकडे येऊ, कारण जमीन सर्वांत जास्त तिथे जाते. सुतार विचारतही नाही, कपाट दोन फूट खोल करतो. हँगरला शर्ट टांगायचा तर तेवढी खोली खरंच लागते. पण घरातल्या किती वस्तू हँगरवर असतात? घडी घातलेल्या साड्या, मुलांचे कपडे, चादरी यांना १५ इंच पुरतात. पुस्तकांना १० ते १२. डब्यांना त्याहून कमी. दोन फुटी खणात या वस्तू दोन रांगांत लागतात आणि मागची रांग विसरली जाते. दहा फुटी भिंतीवरचं कपाट २४ इंचांऐवजी १५ इंच खोल केलं तर साडेसात चौरस फूट जमीन परत मिळते, आणि हाताशी राहणारं सामान कमी होत नाही. टांगायच्या कपड्यांसाठी तीन फुटांचा एकच खण खोल ठेवावा. वस्तू मोजून कपाट करावं. कपाट करून वस्तू भरायला घेतल्या की ते भरतंच.

जुन्या वाड्यांतल्या भिंती दोन-अडीच फूट जाड असत, म्हणून कोनाडा आणि फडताळ भिंतीच्या पोटातच बसायचं. बाहेर काही डोकावत नसे. आजची भिंत चार-सहा इंचांची, तिच्यात फडताळ होत नाही. पण खिडकीखालची जागा, बीमच्या खालची खाच, दारावरची दोन फुटांची उंची अजूनही रिकामी असते. पॅसेजमध्ये सात फुटांवर माळा असतोच. माळ्यावर काय ठेवायचं हे मात्र आधी ठरवावं: गणपतीचं मखर, आकाशकंदील, पाहुण्यांच्या गाद्या, प्रवासाच्या बॅगा. वर्षातून एकदाही खाली न उतरणारी वस्तू माळ्यावर नसावी.

हॉलमधल्या सोफासेटबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. १४ बाय १०च्या खोलीत तो नको. भिंतीलगत सहा-सात फुटांचा, अडीच फूट रुंद दिवाण, खाली खेचून काढायच्या पेट्या, वर गादी-लोड. दिवसा तिघं बसतात, रात्री एक जण झोपतो. मात्र उंची नीट धरा. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर बैठक १७-१८ इंच हवी. त्याहून खाली बसलं की उठताना आधार शोधावा लागतो. मिनिमलिस्ट म्हणून विकले जाणारे बुटके सोफे आणि जमिनीलगतचे पलंग साठीपुढच्या माणसाचे हाल करतात. जेवणाचं टेबल भिंतीला बिजागरीने लावलेलं, वापरून झालं की खाली दुमडणारं, असं सुतार हजार वेळा करतो, त्यात अवघड काही नाही. बिजागरी आणि ब्रॅकेट चांगल्या प्रतीचे घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

स्वयंपाकघराचा विचार वेगळा करावा लागतो. तिथली जमीन मुळातच कमी असते आणि हालचाल सर्वांत जास्त. फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या तरुण वास्तुकार स्त्रीने कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराएवढंच. बाई कुठून कुठे किती वेळा जाते याचा अभ्यास करून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. खिडकीशी कापायचा ओटा, तिथेच कचरा ओढून टाकायची खाच, तांदूळ-साखरेसाठी तोटीसारखी चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण, पिठासाठी ओकच्या लाकडाचे, कारण त्यात अळ्या होत नाहीत असा अनुभव. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची ही आजी. त्यावर टीकाही झाली: तिथे दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती, आणि मुलांवर लक्ष ठेवता येत नव्हतं. हिशोब एकट्या बाईचा धरला होता.

आपण काम काढताना तो दोघांचा धरावा. सात फुटी रुंदीत दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे ओटे केले तर मध्ये तीन फूट राहतात. पाठीला पाठ लावून दोघं उभी राहतात, पण खालची ट्रॉली ओढली की एकाला बाहेर जावं लागतं. एका बाजूला दोन फुटी ओटा आणि समोर एक फुटी मांडणी केली तर चार फूट मिळतात, आणि पोळ्या लाटणारं आणि भाजी चिरणारं माणूस एकमेकांना न अडता काम करतं. ओट्याची उंची घरात जास्त वेळ स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापासून मोजा. कोपराच्या तीन-चार इंच खाली ओटा असला की खांदे आखडत नाहीत. सर्वसाधारण ३२ ते ३४ इंच येतं, पण पाच फुटांहून बुटक्या बाईला ३४ इंच जास्त होतात.

जुन्या ओट्याखाली कडाप्प्याचे उभे-आडवे पाट असतील तर ते फोडू नका. कडाप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्याच खणांत स्टीलच्या ट्रॉल्या आणि समोर दारं बसवता येतात. नवी प्लायवूडची चौकट करायचीच तर पाण्यात टिकणारं, आयएस ७१० शिक्का असलेलं घ्या. सिंकखाली साधं प्लाय चार पावसाळे काढत नाही. आणि उघडं स्वयंपाकघर? भिंत काढून हॉलला जोडलेलं? आपल्या घरात रोज फोडणी होते. तेलाची वाफ पडद्यांवर, पुस्तकांवर, पंख्याच्या पात्यांवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात सगळं चिकट होतं. ओट्याच्या उंचीपर्यंत भिंत ठेवून वर सरकती काच लावली तर उजेड येतो, मुलं दिसतात आणि फोडणीच्या वेळी काच ओढून घेता येते. ती वाफ बाहेर फेकणारा पंखा खिडकीत हवाच.

भिंत काढण्याचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबून. कुठली भिंत काढता येते हे डोळ्यांनी कळत नाही. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत नऊ इंची विटांच्या भिंतीच वरचा स्लॅब पेलतात. तिथे एका मजल्यावर भिंत काढणं म्हणजे वरच्या सगळ्या घरांचा आधार काढणं. आरसीसीच्या सांगाड्यात वजन खांब आणि बीमवर जातं, मधल्या भिंती नुसत्या पडदे असतात, त्या काढता येतात. आणि अलीकडच्या उंच इमारती, ज्यांत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले असतात, त्यांत जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि वजन पेलणारी असते. तिथे वायरिंगसाठी आडवी खाच मारणंही धोक्याचं, मग भिंत पाडण्याचं सोडाच. सोसायटीकडे इमारतीचा मूळ नकाशा मागा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी आणा. त्याची फी सोफ्याच्या किमतीपेक्षा कमी असते. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्यानेच स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. ते झालं आहे का आणि त्यात तुमच्या घराबद्दल काय लिहिलंय, हेही विचारा.

फरशीवर फरशी घालण्याची पद्धत फार वाढली आहे. फोडायचा त्रास वाचतो, म्हणून गवंडीही तेच सुचवतो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून प्रत्येक चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन येईल असं धरून आराखडा केलेला असतो. दोन इंच सिमेंट-वाळूचा थर आणि वर नवी टाइल म्हणजे चौरस मीटरला १२०-१२५ किलो जादा. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर हे ओझं कायमचं बसतं, उंबरठे बुडतात, दारं खालून कापावी लागतात. घालायचीच तर चिकटवणारा पातळ लेप वापरून घाला. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जुनी फरशी शाबूत असेल तर ठेवा. ऐंशीच्या दशकातली मोझॅकची फरशी घासायचं मशीन लावून पॉलिश केली की आतले संगमरवरी दाणे पुन्हा उजळतात. टेराझो या नावाने दुकानात आज महाग मिळते ती याच जातीची. शहाबादी किंवा कोटा फरशीही तशीच परत उभी राहते. पाडकामाचा राडारोडा कमी होतो, आणि ज्या घरात कमीत कमी वस्तू हव्यात तिथे असलेली चांगली वस्तू फोडून टाकणं मुळात विसंगत आहे.

पैसे खरे लागतात ते न दिसणाऱ्या कामांना. जुन्या न्हाणीघरातल्या लोखंडी पाइपला आतून गंज चढलेला असतो. नवी टाइल लावून सहा महिन्यांत खालच्या घराच्या छताला ओल आली की सगळं पुन्हा फोडावं लागतं. म्हणून पाइप बदला, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, आणि टाइल लावण्याआधी त्या खोलीत निदान दोन दिवस पाणी साठवून ठेवा. खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर डाग आला नाही हे पाहूनच पुढे जा. कंत्राटदार घाई करेल. करू देऊ नका. वायरिंग जुनं असेल तर नव्याने ओढा: दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, साध्या प्लगला अडीचची, गीझर आणि एसीला चारची. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. विजेचा झटका बसला तर तो क्षणात प्रवाह तोडतो. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपत असेल तर आतून पुट्टी आणि पांढरा रंग लावणं व्यर्थ आहे. पहिल्या श्रावणात पापुद्रे निघतात. आधी बाहेरची भेग भरली पाहिजे, आणि ते काम सोसायटीचं असतं.

उजेड आणि हवा ही छोट्या घराची सर्वांत स्वस्त जागा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एकदशांश आणि उष्ण-दमट हवामानासाठी एकषष्ठांश खिडक्या सांगितल्या आहेत. १४० फुटांच्या हॉलला ठाण्या-मुंबईत म्हणजे २३ फूट. सहा बाय चारची खिडकी असेल तर कागदावर पुरते. पण ती दोन पाटांची सरकती असेल तर एका वेळी अर्धीच उघडते, हवेला १२ फूटच मिळतात. बाहेर जागा असेल तिथे पाखं पूर्ण उघडणारी खिडकी घ्या. तिच्यासमोर उंच कपाट नको. पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत खोलीत टाकतो. छताला म्हणून तोच असावा. भिंतींना मात्र सगळीकडे शुभ्र पांढरा हट्टाने देऊ नये. मुलांच्या घरात तो वर्षभरात मळतो, आणि पश्चिमेच्या उन्हात डोळ्यांना टोचतो. किंचित पिवळसर किंवा करडी छटा बरी. फॉल्स सीलिंग सहा-आठ इंच उंची खातं. मुळात नऊ फुटांच्या खोलीत पंखा लावल्यावर ते घुसमटवतं. एका झगझगीत ट्यूबऐवजी वाचायच्या जागी एक, ओट्यावर एक, दिवाणाशी एक असे ३००० केल्विनच्या आसपासचे मऊ दिवे लावले की खोलीला संध्याकाळी खोली येते.

सगळ्यांत अवघड भाग सामानाचा, कारण ते कोणाचं तरी असतं. जपानच्या मारी कोंडो यांच्या आवराआवरीच्या पुस्तकानंतर एका दमात सगळं काढून टाकायची लाट आली. एकट्याच्या घरात ते जमेल. एकत्र कुटुंबात सुनेने सासूबाईंची पितळी पातेली मोडीत काढली तर घर मोकळं होतं आणि मनं बिघडतात. प्रत्येकाने फक्त आपलं सामान कमी करावं, दुसऱ्याच्या खणाला हात लावू नये. आपल्याकडे वस्तू येण्याचे मार्गही पक्के ठरलेले आहेत: लग्नातल्या आहेराचे स्टीलचे डबे, हळदीकुंकवाची वाणं, दिवाळीतल्या कंपनीच्या भेटी. बोहारीण जुने कपडे नेते आणि बदल्यात भांडं देते, म्हणजे कपाटातलं ओझं मांडणीवर येतं. घेणं थांबवल्याशिवाय देणं पुरत नाही. मंगळागौर किंवा बारशाला आहेर नको, असं आमंत्रणावर छापणारी घरं आता दिसतात. ती पद्धत सगळीकडे जावी असं मला मनापासून वाटतं.

आणि काही वस्तू राहाव्यात. सेवाग्रामच्या आश्रमातली बापू कुटी पाहिली की हे लक्षात येतं. माती, बांबू, कौलं, जमिनीवर चटई, बसून लिहायचं बुटकं मेज. जगात कुठलंही साधं घर त्याहून साधं नसेल. पण त्याच कुटीच्या मातीच्या भिंतींवर मीराबहनने हाताने उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. घरात देवघर, आजोबांची आरामखुर्ची, मुलीने पहिलीत काढलेलं चित्र असेल तर त्याने घर गर्दीचं होत नाही. त्यांना चांगली जागा द्यावी, उजेडात द्यावी.

मोकळ्या जमिनीची परीक्षा होते गौरी-गणपतीला. मखर कुठे बसेल, आरतीला पंधरा माणसं कुठे उभी राहतील, जेवणाची पंगत किती पानांची होईल आणि गावाहून आलेली चार माणसं रात्री कुठे झोपतील, हे चार प्रश्न आराखड्याच्या कागदावर ठेवून डिझायनरला विचारा. त्याने उत्तर दिलं नाही तर आराखडा परत द्या. काम पूर्ण झाल्यावरही एक भिंत रिकामी ठेवा. तिच्यावर कपाट करून घ्यायची घाई करू नका. एक पावसाळा जाऊ द्या, कुठे ओल धरते ते कळेल. एक गणपती आणि एक परीक्षेचा हंगाम जाऊ द्या, खरंच काय कमी पडतं ते कळेल. मग हवं तर सुताराला बोलवा.